खोड रात्री वाढतं

झाडाच्या खोडात साडेचार फुटांवर खिळा ठोकला तर पन्नास वर्षांनीही तो साडेचार फुटांवरच सापडतो, वर जात नाही. हे मी बऱ्याच जणांना सांगून बघितलंय आणि जवळपास प्रत्येकजण आधी 'छे, असं कसं' म्हणतो, कारण आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की झाड खालून वर ढकललं जातं. उंची वाढते ती फक्त शेंड्याला आणि फांद्यांच्या टोकांना, खोड वाढतं ते नुसतं जाडीत. सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, शाळेत आपण त्याला ऊतककर म्हणून पाठ केलंय, कॅम्बियम म्हणा हवं तर, तो आतल्या अंगाला लाकूड घडवतो आणि बाहेरच्या अंगाला अन्न वाहून नेणाऱ्या पेशी. दोघांच्या कवेत न मावणारा पर्जन्यवृक्षाचा बुंधा बघा कधी, तो सगळाच्या सगळा ह्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या थराने घडवलेला असतो, वर्षाला काही मिलिमीटर अशा हिशोबाने.

पुण्यात काही वर्षांपूर्वी खिळेमुक्त झाडांची मोहीम झाली, मीही त्यात पक्कड आणि कटावणी घेऊन जात होते. क्लासच्या पाट्या, फ्लॅट भाड्याने देण्याचे बोर्ड, लायटिंगच्या माळा, काय काय ठोकलेलं असतं झाडांना, वाईट वाटतं बघून. तिथे एका सोनमोहरात मला एक तार दिसली, म्हणजे एका बाजूने खोडात शिरताना दिसत होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येताना, मधली गायब. खोडाने ती पोटात घेतली होती. मी तिथे बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले, कारण कधीतरी ही तार सालीच्या बाहेर होती आणि आता तिच्यावर चांगलं बोटभर लाकूड चढलं होतं, आणि हे सगळं होत असताना रोज शेकडो माणसं शेजारून गेली असणार. किती वर्षं लागली असतील? वर्षभर थोडं थोडं चढलं असेल का ठरावीक महिन्यांतच? ह्या दुसऱ्या प्रश्नाने मला जे धरलं ते अजून सोडलेलं नाही.

मोजायचं म्हणजे टेप घ्यायची आणि गुंडाळायची, एवढंच वाटतं. आपल्याकडे वनखात्याची पद्धत जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर घेर घ्यायची, बाहेर बऱ्याच देशांत १.३ मीटर धरतात, आणि झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने उंची मोजायची. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. पण टेप एक बोट वर सरकली, थोडी तिरकी लागली, सालीचा एखादा पापुद्रा मध्ये आला की दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि सावकाश वाढणाऱ्या झाडाची अख्ख्या महिन्याची वाढ तेवढी असेल नसेल. वर्षातून एकदा मोजायला टेप पुरते. दर आठवड्याला खोडात काय चाललंय ते बघायचं तर कायमची पट्टी लावावी लागते, तिला डेंड्रोमीटर बँड म्हणतात.

पट्टी प्रकरण तसं साधं आहे. स्टेनलेस स्टीलची नाहीतर ॲल्युमिनियमची अरुंद पट्टी खोडाभोवती फिरवायची, एक टोक दुसऱ्या टोकावरून पुढे जाऊ द्यायचं आणि दोन्हींना लांब बारीक स्प्रिंगने जोडायचं, म्हणजे पट्टी खोडाला कायम बिलगून राहते पण आवळत नाही. पट्टीवर दोन खुणा कोरायच्या. खोड जाड झालं की स्प्रिंग ताणते, खुणांमधलं अंतर वाढतं, आणि ते अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजायचं. मी पट्टी आणि स्प्रिंग बोहरी आळीतून आणली. तिथल्या दुकानदारांना कशासाठी हवी ते सांगितल्यावर त्यांनी मी मागितलेली स्प्रिंग परत आत ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही कडक होईल, साल दाबली जाईल झाडाची, थोडी मऊ देतो." आणि ती मऊ स्प्रिंगच बरोबर निघाली, तीन पावसाळे झाले अजून गंजलेली नाही.

एक गोष्ट मात्र ज्यांना करून बघायचंय त्यांनी आधीच मनाची तयारी करून ठेवावी. पट्टी नवीन असते तेव्हा ती खोडावर नीट बसलेली नसते, सालीच्या उंचवट्यांवर अडकलेली असते, मध्ये मध्ये पोकळी राहते, त्यामुळे सुरुवातीला खोड वाढलं तरी ती आधी ही ढिलाई भरून काढते आणि वाढ कमी दिसते. म्हणून ह्या क्षेत्रातले लोक सुरुवातीच्या काही महिन्यांची, बऱ्याचदा अख्ख्या पहिल्या हंगामाची रीडिंग हिशोबात धरतच नाहीत. आणि रीडिंग घ्यायचं ते रोज एकाच वेळी. मी पहाटे घेते, ऊन यायच्या आत. का ते पुढे सांगते.

आमच्या सोसायटीत आणि मागच्या गल्लीत मिळून सागवान, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष, पिंपळ आणि दोन सोनमोहर अशा झाडांना ह्या पट्ट्या आहेत. वही माझी, पण पद्धत बाबांची. ते मूळचे जुन्नरकडचे, शेतीतले, त्यांच्या डायरीत तारखेशेजारी नक्षत्र लिहिलेलं असायचं, मीही तसंच लिहिते, आणि खरं सांगायचं तर खोडाचं वर्ष वाचायला जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा नक्षत्रंच सोयीची पडतात.

सागाचंच घ्या. हिवाळ्यात त्याची ती सुपाएवढी पानं वाळून खडखड करत पडायला लागतात, मार्चपर्यंत नुसता सांगाडा उरतो. आणि मग एप्रिलमध्ये, मेमध्ये पट्टीवरचं अंतर चक्क कमी होतं. मला वाटायचं वाढ थांबली की आकडा तिथेच थांबेल. तो खाली येतो. खोड बारीक होतं! खोडाच्या आत, विशेषतः सालीच्या जिवंत थरांमध्ये, पाणी साठवलेलं असतं, उन्हाळ्यात जमिनीतून यायचं पाणी आटतं आणि वरून हवा ओढून घेत राहते, तेव्हा झाड ही शिल्लक खर्च करतं आणि अंगाने उतरतं. पुण्याच्या मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते, त्याच हवेत ते खोड उभं असतं.

मग रोहिणीत वळवाचा एखादा जोरदार पाऊस येतो, सिंहगड रोडला पाणी साचतं, लाईट जातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सागाचा आकडा एकदम वर. एका रात्रीत! पहिल्या वर्षी मी ते बघून फारच खूश झाले होते. पण ही वाढ नसते, हे रिकामं झालेलं खोड पुन्हा भरलेलं असतं, शिवाय साल ओली होऊन फुगते ते वेगळंच. पुढचे आठ दिवस कोरडे गेले की आकडा परत खाली येतो. आता हे फुगणं आणि खरी वाढ वेगळी कशी करायची? त्याचा एक सोपा नियम शास्त्रज्ञ वापरतात, तो मला फार आवडतो: खोड आजपर्यंत जास्तीत जास्त जेवढं जाड होतं त्याच्या पुढे गेलं तरच ती वाढ. आधीच्या उच्चांकाच्या खाली जे काही वर-खाली चाललंय ते पाण्याचं येणं-जाणं. मागच्या सप्टेंबरचा आकडा जूनमध्ये ज्या दिवशी ओलांडला जातो, सागाचं नवं वर्ष मी त्या दिवसापासून धरते. कधी तो मृगात ओलांडला जातो, पाऊस लांबला तर आर्द्रा निम्मं सरेपर्यंत वाट बघायला लावतो.

आणि मग तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, साधारण जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टची सुरुवात. साग सगळ्यात वेगाने भरतो तो ह्याच दिवसांत, शेंड्याला ते पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि खाली पट्टी दर आठवड्याला सरकत असते. मघा, पूर्वापर्यंत वेग कमी होतो. हस्त लागेपर्यंत संपलेलं असतं जवळपास. ऑक्टोबरमध्ये आकाश निळंशार, ऊन कडक, पानं अजून हिरवीगार, जमिनीत ओल आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने झाडाला सगळं काही मिळतंय, आणि आकडा हलत नाही.

ह्या ऑक्टोबरच्या कोड्याने मला फार छळलं. पानं काम करतायत, साखर बनतेय, मग खोड का थांबलं?

ह्याचं एक चांगलं उत्तर मला स्वित्झर्लंडमधल्या कामात सापडलं. तिथे झाडांवर इलेक्ट्रॉनिक डेंड्रोमीटर बसवलेत, सुईसारखं टोक खोडावर टेकलेलं असतं आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतची हालचाल दर काही मिनिटांनी नोंदली जाते. ७ जातींच्या १७० झाडांची कित्येक वर्षांची अशी नोंद तपासून २०२१ साली त्यांनी दाखवलं की खोड वाढतं ते मुख्यतः रात्री. दिवसा पानांमधून पाणी उडत असतं, मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याचा जो सलग स्तंभ असतो तो वरून ओढला जातो, त्यामुळे कॅम्बियमच्या नव्या पेशींमध्ये पाण्याचा दाबच राहत नाही, आणि दाब नसेल तर पेशी ताणून मोठी होऊ शकत नाही. साखर कितीही असू दे. रात्री हवा दमट होते, ओढ कमी होते, दाब परत येतो आणि तेव्हा पेशी फुगून मोठ्या होतात. म्हणजे दिवस कमाईचा आणि रात्र बांधकामाची. त्यांच्या कामात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती, जमिनीत बऱ्यापैकी ओल असली तरी हवा कोरडी असेल तर वाढ अडते. अडवणारी हवा आहे, फक्त माती नाही.

ती झाडं थंड देशातली, आपला साग वेगळा, पण हे वाचल्यावर माझ्या वहीतला ऑक्टोबर मला नव्याने दिसायला लागला. ऑक्टोबर हीटमध्ये पुण्याची हवा कोरडी होत जाते. उलट जुलैमध्ये काय असतं आठवा. आपल्या शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, घाटमाथ्यावरच्या मुळशी-ताम्हिणीच्या तुलनेत काहीच नाही, पण तो येतो कसा? भुरभुर भुरभुर. दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, टू-व्हीलरवर ना रेनकोट घालवतो ना काढवतो असा पाऊस, आणि आपण सगळे वैतागलेलो असतो की एकदाचा धो धो पडून मोकळा का होत नाही. माझी आता पक्की खात्री झालीय की पुण्यातल्या झाडांची खोडं ह्या भुरभुरीवर वाढतात. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला त्या आठवड्यांपेक्षा नुसतं मळभ आणि रिमझिम होती त्या आठवड्यांची माझी रीडिंग जास्त बोलकी आहेत. मोठा पाऊस गटारातून मुठेला जातो, हवेत ओल धरून ठेवतो तो बारका पाऊस. त्यामुळे कुठल्या वर्षी एकूण किती मिलिमीटर पडला ह्यापेक्षा दमट रात्री किती मिळाल्या हा हिशोब झाडाच्या दृष्टीने जास्त खरा असणार असं मला वाटतं, आणि हवामान बदलामुळे पाऊस मोजक्या दिवसांत कोसळायला लागला तर सरासरी तीच राहूनही झाडांचं काय होईल ह्याची मला मनापासून काळजी वाटते.

पहाटे रीडिंग का घेते त्याचं कारणही हेच. रात्रभर भरलेलं खोड पहाटे सगळ्यात जाड असतं, दुपारपर्यंत ते किंचित आकसतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो हा फरक, साध्या पट्टीला तो नीट कळतही नाही, पण वेळ बदलत राहिली तर आकड्यांत गोंधळ घालायला पुरेसा असतो. झाडांच्या अशा न दिसणाऱ्या हालचाली टिपायचा ध्यास आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वी घेतला होता, त्यांच्या क्रेस्कोग्राफवर रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी होऊन दिसायची. आज पाचशे-सातशे रुपयांचा कॅलिपर घेऊन सोसायटीच्या आवारात आपण त्याच प्रश्नाच्या आसपास उभे राहू शकतो ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळी झाडं सागासारखी सरळ हिशोबाची नसतात पण. कडुनिंब पाडव्याला कोवळ्या तांबूस पालवीने भरलेला असतो, भर उन्हाळ्यात, टिपूस पाऊस नसताना. ती पालवी कुठल्या पाण्यावर येते? खोल मुळं, आणि खोडात साठवलेलं पाणी. त्याची पट्टी मार्चमध्ये खाली येते, पानं फुटत असताना खोड उतरतं, आणि जाडीची वाढ नंतर पावसात होते. म्हणजे वर हिरवं दिसतंय म्हणून खाली वाढ चाललीय असं अजिबात समजू नये. पर्जन्यवृक्षाचा हंगाम सागापेक्षा लांब चालतो, आणि दर पावसाळ्यात त्याची स्प्रिंग पुढच्या भोकात अडकवावी लागते इतका तो भरतो. पिंपळाचं मला अजून नीट उमगलेलं नाही.

आमच्या गल्लीत एक वडही आहे, त्याला मी पट्टी लावलेली नाही आणि लावणारही नाही. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झाल्यात, त्यात मूळ खोड कुठलं आणि पारंबी कुठली हे कोण सांगणार, तिथे घेर मोजण्याला अर्थच राहत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला त्याच्याभोवती सूत गुंडाळलं जातं, नेमकं पाऊस सुरू होतानाच्या दिवसांत. शेजारच्या आजींनी मला त्या दिवशी विचारलं होतं, "काय गं, तू त्या सागाला ही लोखंडाची पट्टी कशाला बांधलीस, तो काय तुला सात जन्म देणारे?" मी त्यांना पट्टी दाखवली, कॅलिपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून खुणा बघितल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे गेल्या वटपौर्णिमेपासून हा एवढा झाला?" आणि दोन बोटांत ते अंतर धरून दाखवलं. तेव्हापासून वटपौर्णिमेचं सागाचं रीडिंग त्या विचारतातच. मी त्यांच्यासाठी म्हणून त्या तारखेचं वेगळं पान केलंय.

हे झालं उभ्या झाडाचं, पुढचं चाललेलं. मागे जायचं तर लाकूड उघडं बघायला लागतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांचं सागवान येतं, तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या. पेठांमधले वाडे पाडले जातायत आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तोडलेलं लाकूड पुन्हा बाजारात येतंय. एका वखारीत मी एका तुळईचं टोक मागून घेतलं, वखारवाल्या काकांनी धारदार पटाशीने ते जरा तासून दिलं, त्यावर मी ओलं फडकं फिरवलं, आणि ते सगळं उघडं झालं. सागाला पावसाच्या सुरुवातीला मोठमोठ्या पोकळ नळ्या होतात, पाणी वाहून न्यायला, त्या टोकावर बारीक भोकांच्या ओळीसारख्या दिसतात, नुसत्या डोळ्यांनी. पुढे हंगाम सरत जातो तशा नळ्या लहान आणि विरळ होतात, लाकूड घट्ट होतं, आणि मग एकदम पुढची मोठ्या भोकांची ओळ. ती ओळ म्हणजे कुठल्यातरी सालचा मृग, आणि अशा दोन ओळींमधलं एका वर्षाचं लाकूड म्हणजे एक कडं. काही कडी चांगली करंगळीएवढी रुंद होती, मग मध्येच सलग तीन-चार कडी अशी दाटीवाटीने बसलेली की नख ठेवायला जागा नाही. काका म्हणाले, "तिथं पाऊस नसंल पडला ताई." इतकं साधं वाक्य, पण एका अख्ख्या शास्त्राचा पाया आहे तो.

ते शास्त्र उभं केलं अमेरिकेतल्या अँड्र्यू डग्लसने, आणि तो मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा पावसावर परिणाम होतो का ह्याची जुनी नोंद शोधता शोधता तो ॲरिझोनातल्या झाडांच्या कड्यांकडे वळला. रुंद-अरुंद कड्यांची नक्षी एका भागातल्या झाडांमध्ये जुळते, त्यामुळे जिवंत झाडाच्या आतली कडी जुन्या लाकडाच्या बाहेरच्या कड्यांशी जुळवत जुळवत मागे मागे जाता येतं हे त्याने दाखवलं, आणि १९२९ साली एका जळक्या तुळईने मधला दुवा जुळला तेव्हा तिथल्या प्राचीन वस्त्यांची सालं नेमकी कळली. आणि हे काम आपल्या पुण्यातही चालतं, पाषाणला, आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत! तिथल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागांच्या कड्यांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका बांधली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दीडशे वर्षं मागे, आणि अरुंद कड्यांचा एल निनोशी, मान्सूनच्या दुष्काळांशी संबंध दाखवला. पाषाण रोडवरून जाताना मला प्रत्येक वेळी ह्याचा अभिमान वाटतो. आपल्या वाड्यांच्या तुळयांकडेही कुणीतरी असंच, तोडून फर्निचर व्हायच्या आत, एकेक टोक जपून ठेवायला हवं. नुसतं एक बोटभर जाडीचं टोक, त्यावर वाड्याचं नाव आणि पाडल्याची तारीख, एवढं जरी केलं तरी पुढे कुणाच्या तरी कामाला येईल.

सागाला स्पष्ट कडी असतात हे आपलं भाग्य आहे. साग वर्षातून ठरावीक काळ पूर्ण झोपतो म्हणून त्याची रेघ उमटते. त्यातही कधी पावसात मोठा खंड पडून परत जोर धरला की एका वर्षात दोन कडी उमटू शकतात, ती खोटी कडी ओळखायला सराव लागतो. पण उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांना अशी सरळ मोजता येतील अशी कडी नसतात, पुण्याच्या रस्त्यांवरच्या कितीतरी झाडांना नाहीत.

इथे गोष्ट फक्त हौसेची राहत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यात २०२१ ला बदल झाला, ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज झाड म्हटलं गेलं, आणि झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं आलं. चांगलं आहे, मी ह्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण मग वय कळायला हवं ना! उभ्या झाडाचं वय ठरवायचं तर हाताशी असतो फक्त घेर. आणि घेरावरून वय काढायचं तर त्या जातीचं झाड त्या जागी वर्षाला किती वाढतं हे माहीत हवं. पर्जन्यवृक्ष काही दशकांत अवाढव्य होतो. वेताळ टेकडीवर खडकाच्या फटीत उभी असलेली सालई नाहीतर मोई मनगटाएवढी वाटते, आणि ती त्या पर्जन्यवृक्षाहून म्हातारी असू शकते, कारण तिला माती वीतभर आणि वाढीच्या रात्री मोजक्या. एकच सूत्र दोघांना लावलं तर सालई रोपटं ठरेल. टेकडीवरून रस्ता, बोगदा काढायच्या चर्चा होतात तेव्हा 'तिथे कुठे मोठी झाडं आहेत' असं सहज म्हटलं जातं, ते ऐकून माझा जीव तुटतो. मोठं कशावरून ठरवताय तुम्ही?

आणि एक. ते दोन सोनमोहर. दोन्ही एकाच वेळी लावलेले, मध्ये वीसेक पावलांचं अंतर. एकाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आले, दुसरा अजून मातीत आहे. दोन झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला चांगलं कळतं, खाली पाइपलाइन असेल, मुळांना काही झालं असेल, हजार कारणं असू शकतात. पण ब्लॉकमधल्या झाडाची पट्टी जुलैत सरकते तीही कशीबशी आणि पाऊस उघडला की दोन दिवसांत उतरते, मातीतल्या झाडाची आठवडाभर टिकते. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, दोन्ही त्याच मोकळ्या मातीतून जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, त्यात अवघड काही नाही, पहार आणि दोन माणसं, एका सकाळचं काम आहे. आमच्या मीटिंगमध्ये मी दोन्ही झाडांचे आकडे शेजारी शेजारी छापून नेले होते. चिखल होईल, पार्किंगची जागा जाईल असं बरंच बोलणं झालं, शेवटी एका झाडाभोवती तरी करून बघू इथपर्यंत गाडी आलीय. मृगाच्या आत ब्लॉक निघाले तर ह्याच पावसाळ्यात फरक दिसायला सुरुवात होईल अशी मला आशा आहे, निदान पाऊस उघडल्यावर उतरण्याचा वेग तरी बदलायला हवा.

ह्या वर्षी करंजालाही पट्टी लावलीय. करंज मार्चअखेरीस सगळी पानं टाकतो आणि पंधरा दिवसांत ती चकचकीत पोपटी पालवी घेऊन उभा राहतो, नदीकाठचा असो नाहीतर डिव्हायडरवरचा, आणि मला बघायचंय की त्या पंधरा दिवसांत खोड किती उतरतं, आणि डिव्हायडरवरचं जास्त उतरतं का. त्याला दोन ठिकाणी दोन करंज लागणार, एक माझ्याकडे आहे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात नदीजवळ कुणाच्या आवारात करंज असेल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर सांगा, पट्टी मी करून देते, स्प्रिंग त्याच दुकानातली मऊवाली.